‘चालंना झालंय’ म्हणजे नक्की काय होतंय? एम्बेडेडमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

“दादा, बोर्ड चालंना झालाय. कालपर्यंत चालत होता. काय करू?”

रात्री पावणेअकराला असा निरोप आठवड्यातून एकदा तरी येतोच. सोबत एक फोटो असतो. ब्रेडबोर्ड, त्यावर लाल-पिवळ्या जंपरचं घरटं आणि खाली चादरीची नक्षी. चिपचा नंबर नेमका फ्लॅशच्या उजेडात पांढरा झालेला. मी विचारतो, “चालत नाही म्हणजे काय होतंय?” उत्तर येतं, “काहीच होत नाही.” मग अर्धा तास माझे प्रश्न आणि त्याची तुटक उत्तरं. शेवटी कळतं की एलईडी लागतोय, डिस्प्लेही लागतोय, फक्त सेन्सरचा आकडा येत नाहीये. म्हणजे बरंच काही चालत होतं.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं दोन खोल्यांचं काम आहे. छोटे कंट्रोलर करतो, बिघडलेले उघडतो. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्या, इचलकरंजीचे माग, नदीकाठच्या पाणी योजना, गुऱ्हाळं ही आमची गिऱ्हाइकं. आपल्याकडे एम्बेडेड, म्हणजे यंत्राच्या आत बसणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरचं काम, हा टेबलावरचा खेळ कमी आणि काँटॅक्टरशेजारी (मोटर चालू-बंद करणाऱ्या मोठ्या रिलेशेजारी) धुळीत लटकणारा डबा जास्त. हे सगळं कॉलेजात शिकवत नाहीत, शिकवता येणारही नाही. मी निम्म्याहून जास्त दुसऱ्यांना विचारून शिकलो. रविवारी सकाळी आम्ही चार-पाच जण अजूनही चहाला बसतो आणि एकमेकांचे अडलेले डबे उघडतो. तिथे नवीन पोरं येतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय. प्रोग्रॅमिंग कसं करायचं ते यात नाही. अडलं की काय पाहायचं, कुणाला कसं विचारायचं आणि मिळालेल्या सल्ल्याचं काय करायचं, एवढंच आहे.

पहिली पायरी: आधी सप्लाय मोजा, मग कोडकडे बघा

नवीन माणसाला वाटतं चूक कोडमध्ये आहे, कारण कोड त्याने लिहिलेला असतो आणि वायरिंग ‘साधं’ असतं. माझा अनुभव उलटा आहे. ‘कालपर्यंत चालत होतं’ या प्रकारातली बरीच दुखणी सप्लाय, ग्राउंड आणि सैल जोड यांत निघतात.

मल्टिमीटरची टोकं अॅडॅप्टरवर नको, थेट चिपच्या पिनांवर लावा. अॅडॅप्टर ५ व्होल्ट देत असेल, पण पातळ वायर आणि ब्रेडबोर्डच्या ढिल्या पट्टीतून चिपपर्यंत साडेचारच पोचत असतील. दोन बोर्ड एकमेकांशी बोलवत असाल तर दोघांचं ग्राउंड जोडलंय का ते बघा. टीएक्स-आरएक्स (डेटा पाठवायची आणि घ्यायची वायर) जोडून ग्राउंड विसरलेला माणूस मी दर महिन्याला पाहतो. आरशातही एकदा पाहिलाय. प्रत्येक चिपच्या सप्लाय पिनेजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा, म्हणजे ज्यावर १०४ छापलेलं असतं तो, कपॅसिटर हवा. ‘जवळ’ म्हणजे अगदी खेटून. बोर्डाच्या दुसऱ्या टोकाला लावून उपयोग नाही.

पण मीटर सगळं दाखवत नाही, आणि इथेच पोरं फसतात. करवीर तालुक्यातल्या एका मुलाने घरच्या मोटरसाठी मोबाइल स्टार्टर केला होता. मिस्ड कॉल दिला की नदीवरची मोटर चालू. त्यात सिम८००एल हे जीएसएम, म्हणजे मोबाइल नेटवर्कचं, मॉड्यूल. घरात टेबलावर दोन आठवडे झकास चाललं. नदीवर नेलं की “रात्री बंद पडतंय”. त्याने कोड तीनदा बदलला. चुलत्यांनी टोमणा मारला की पोरगं इंजिनियर झालं आणि आम्ही अजून बॅटरी घेऊन रात्री बांधावरच जातोय.

आम्ही डबा टेबलावर घेतला. मीटर लावला तर ४.० व्होल्ट, अगदी हवे तेवढे, मॉड्यूलला ३.४ ते ४.४ लागतात. मग डीएसओ, म्हणजे व्होल्टेजचा आलेख पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप, लावला, अँटेना काढून ठेवली आणि कॉल लावला. पडद्यावर सरळ रेघेला एकसारखे खड्डे पडायला लागले, प्रत्येक खड्डा ३.१ व्होल्टपर्यंत. जीएसएम मॉड्यूल बोलतं ते सलग बोलत नाही. दर ४.६ मिलिसेकंदाला साधारण ०.५८ मिलिसेकंदाचा एक झटका देतं आणि त्या झटक्यात २ अँपिअरपर्यंत करंट ओढतं. मीटर सरासरी दाखवतो, त्याला हे खड्डे दिसतच नाहीत. गावात टॉवर जवळ म्हणून मॉड्यूल हळू आवाजात बोलायचं. नदीच्या खोलगट भागात सिग्नल कमी, म्हणून तिथे ते पूर्ण ताकदीने ओरडायचं, आणि वीतभर लांब, केसासारख्या जंपरमधून तेवढा करंट पोचायचा नाही. औषध म्हणजे ३ अँपिअरचा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारा), जाड आणि बोटभर लांबीची वायर, आणि मॉड्यूलच्या पिनांशी खेटून १००० मायक्रोफॅरड. कोडला हात लावला नाही.

आणि ‘रात्री’? त्या आठवड्यात त्यांच्या भागाला थ्री-फेज रात्रीची होती, एवढंच. डबा रात्रीच चालू व्हायचा, म्हणून रात्रीच बंद पडायचा. त्याने ‘रात्री’ सांगितलं, पण ‘घरी चालतं, नदीवर नाही’ हे सांगितलं नाही. ते पहिल्याच वाक्यात सांगितलं असतं तर चुलत्यांचा टोमणा एका दिवसावर भागला असता.

दुसरी पायरी: दुखणं लहान करा

हजार ओळींचा कोड कुणी वाचणार नाही. मी तर नाहीच. सेन्सरचा आकडा येत नसेल तर नवीन प्रोग्रॅम उघडा, त्यात फक्त तो सेन्सर वाचा आणि आकडा सिरियलवर छापा. डिस्प्ले, कीपॅड, वायफाय सगळं बाहेर. आता आकडा आला? मग एकेक वस्तू परत आत घ्या, ज्या वस्तूनंतर मोडेल तिथे गाठ आहे. आला नाही? मग तुमच्याकडे पंधरा ओळींचा प्रोग्रॅम, एक चिप, एक सेन्सर आणि तीन वायरी एवढंच उरलं. हे कुणालाही दाखवता येतं. पुष्कळदा दाखवायची गरजच पडत नाही, कारण पंधरा ओळींत चूक लपून राहत नाही.

हे करण्याआधी चालू असलेला कोड जपून ठेवा. गिट (कोडच्या जुन्या आवृत्त्या जपणारं साधन) शिकलात तर उत्तम, नाहीतर तारखेच्या नावाने फोल्डर करा. ‘फायनल’, ‘फायनल२’, ‘फायनल खरंच’ अशा नावांनी माझ्या जुन्या लॅपटॉपची डिस्क भरलीय, तुम्ही तरी करू नका.

तिसरी पायरी: विचारताना काय लिहायचं

चिपचं पूर्ण नाव लिहा, ‘आर्डुइनो’ किंवा ‘एसटीएम’ नुसतं नको. सप्लाय किती आणि कुठे मोजला, क्रिस्टल किती मेगाहर्ट्झचा, काय कशाला जोडलंय, तुम्हाला काय व्हायला हवं होतं आणि झालं काय, हे सगळं लिहा. स्क्रीनवर एरर आला असेल तर तो जसाच्या तसा कॉपी करून पाठवा, ‘काहीतरी मेमरीचा एरर’ असं नको. फोटो दिवसाच्या उजेडात, वरून, चिपचा नंबर वाचता येईल असा. आणि सर्किट हाताने कागदावर काढून त्याचाही फोटो. पेनने काढलेलं सर्किट लाख पटीने बरं, कारण ते काढतानाच निम्म्या जणांना आपली चूक दिसते.

उदाहरण दाखवतो. गेल्या पावसाळ्यात एका मुलीने आधी हे पाठवलं: “सर, ८०५१ चं सिरियल चालत नाही, कचरा येतोय, अर्जंट.”

मी तिला वरचं सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने हे पाठवलं:

“एटी८९एस५२, ब्रेडबोर्डवर. आयसीच्या पिनवर ४.९६ व्होल्ट. क्रिस्टलवर १२.००० छापलंय. टायमर १, मोड २, टीएच१ मध्ये एफडी टाकलंय, एसमॉड शून्य. कॉम्प्युटरवर ९६००. ‘ए’ पाठवला की भलतंच चिन्ह येतं. यूएसबी-टीटीएलची टीएक्स-आरएक्स एकमेकांना जोडली तर टाइप केलेलं बरोबर परत येतं, म्हणजे ती बाजू ठीक असावी. मैत्रिणीच्या बोर्डवर हाच हेक्स चालतो.”

याला उत्तर द्यायला मला वीस सेकंद लागली. टीएच१ या रजिस्टरमधल्या आकड्यावर बॉड रेट, म्हणजे सिरियलचा वेग, ठरतो, आणि एफडी (२५६ ला ३ कमी) हा आकडा ११.०५९२ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलसाठी आहे. क्रिस्टलला १२ ने भागा, मग ३२ ने, मग ३ ने: बरोबर ९६०० येतात. हेच १२ मेगाहर्ट्झवर करा, १०४१६ येतात. साडेआठ टक्क्यांचा फरक. अक्षराच्या शेवटच्या बिटापर्यंत हा फरक साचत साचत पाऊण बिटाच्या पुढे जातो, आणि समोरचा भलताच बिट वाचतो. मैत्रिणीच्या बोर्डवर ११.०५९२ असणार, होताच. ११.०५९२ हा आकडा इतका विचित्र का, याचं उत्तरही यातच आहे: त्याला भागलं की बॉड रेट नेमके निघतात.

तेव्हा दुकानं बंद झाली होती आणि सकाळी तिचं प्रॅक्टिकल. मग एसमॉड, म्हणजे वेग दुप्पट करणारा बिट, १ करून टीएच१ मध्ये एफ३ टाकायला सांगितलं, १२ मेगाहर्ट्झवर ४८०७ मिळतात, म्हणजे ४८०० ला फरक पाव टक्क्याच्याही आत. कॉम्प्युटर ४८०० ला लावला आणि काम झालं. पण खरी गंमत तिच्या निरोपातल्या शेवटच्या दोन वाक्यांत आहे. ती दोन वाक्यं म्हणजे दोन चाचण्या, आणि त्या दोघींनी मिळून संशयितांची रांग संपवली होती.

‘अर्जंट’ हा शब्द मात्र कुठेच लिहू नका. ज्याला विचारताय त्याच्याकडेही एखादी भट्टी थांबलेली असते.

चौथी पायरी: डेटाशीट

डेटाशीट म्हणजे चिप बनवणाऱ्या कंपनीची माहितीपुस्तिका. तिची चारशे पानं वाचायची नसतात. पहिलं पान, पिनांचं चित्र, इलेक्ट्रिकल कॅरॅक्टरिस्टिक्सचा तक्ता आणि ज्या भागात अडलंय तेवढं प्रकरण. ‘अॅब्सोल्यूट मॅक्सिमम’चा तक्ता असतो तो चालवायचा आकडा नव्हे, मोडायचा आकडा. आर्डुइनो उनोवरच्या एटीमेगा३२८पी चिपला पिनेमागे ४० मिलिअँपिअर लिहिलंय म्हणून त्यावर थेट रिले लावणारे भेटतात. २० च्या आत राहा, रिलेला ट्रान्झिस्टर द्या आणि कॉइलवर उलटा १एन४००७ डायोड टाका.

डेटाशीट न वाचल्याचा माझा स्वतःचा किस्सा आहे, लाज वाटते पण सांगतो. एका दूध संकलन केंद्राच्या कूलरला मी तापमानाचा अलार्म करून दिला होता, सेन्सर डीएस१८बी२०. दूध ४ अंशांवर असायचं. पहाटे पाचला फोन: “साहेब, दूध उकळायला लागलंय.” डिस्प्लेवर ८५. पाच मिनिटांनी परत ४. आठवड्यात तीनदा असं झालं. मी केबल बदलली, सेन्सर बदलला, शेवटी कोडमध्ये एक ओळ टाकली: ८५ आला तर सोडून दे. अलार्म थांबला, मी शहाणा ठरलो.

पुढच्या हंगामात तोच कोड उचलून एका गुऱ्हाळाच्या काहिलीला लावला. रस तापत तापत शंभराच्या वर जातो, म्हणजे वाटेत ८५ लागणारच. माझा डिस्प्ले बरोबर तिथेच अडकून बसायचा. गुळव्याला काही फरक पडला नाही, तो डोळ्यांनी पाक ओळखतो. पण मालक माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते ती अजून आठवते.

त्या रात्री डेटाशीट उघडली. सेन्सरला वीज मिळाली की त्याच्या रजिस्टरमध्ये आधीपासून ८५ अंशच असतात. मोजायला सांगितल्यावर १२ बिटला ७५० मिलिसेकंद थांबायचं असतं. त्याआधी वाचलं, किंवा मोजता मोजता सप्लाय क्षणभर गेला, तर तुम्हाला तो जुना ८५ मिळतो. कूलरचा काँप्रेसर सुरू होताना माझा सप्लाय बसत होता. म्हणजे सेन्सर दर वेळी मला सांगत होता की माझी वीज गेली होती, आणि मी त्याचं तोंड बंद करून मोकळा झालो होतो.

पाचवी पायरी: सल्ला तोलून घ्या

चार जणांना विचारलंत तर पाच सल्ले मिळतील. त्यातले तीन सल्ले देणाऱ्याच्या मागच्या दुखण्याचे असतात. ज्याला महिनाभर नॉइजने छळलं त्याला सगळीकडे नॉइज दिसतो.

इचलकरंजीच्या एका पोराने मागाला पिक काउंटर केला. आडवा धागा पडला की एक मोजायचा, पाळी संपली की आकडा वहीत. त्याची तक्रार: “मधूनच आकडे विस्कटतात.” एक म्हणाला, मोटरचा नॉइज, शील्डेड केबल घाल. दुसरा म्हणाला, ऑप्टोकपलर (सिग्नल उजेडातून पाठवून दोन बाजू वेगळ्या ठेवणारा) टाक. तिसरा, म्हणजे मी, म्हणालो, प्रॉक्सिमिटी सेन्सर हलत असेल. पोराने तिन्ही केलं, खर्चही केला. काही फरक नाही.

चौथ्याने काहीच सुचवलं नाही. म्हणाला, “कधी विस्कटतात ते दोन दिवस लिहून आण की.” तो लिहून घेऊन आला. चालू केल्यापासून ४ तास २० मिनिटं, ४ तास २५ मिनिटं, ४ तास २० मिनिटं. हे काही ‘मधूनच’ नव्हे. माग मिनिटाला साधारण १२५ पिक टाकतो. गुणाकार करा: साडेबत्तीस हजारांच्या आसपास. उनोवर ‘इंट’ १६ बिटांचा असतो, ३२७६७ च्या पुढे गेला की उणे ३२७६८. त्याच्या डिस्प्लेवर उण्याची सोयच नव्हती, म्हणून आकडे विस्कटलेले दिसायचे. ‘अनसाइन्ड लाँग’ केलं, विषय संपला. शील्डेड केबल अजून आहे, चांगली दिसते.

म्हणून ‘मधूनच’, ‘कधी कधी’, ‘अचानक’ हे शब्द लिहिण्याआधी घड्याळ आणि वही घ्या. त्या वेळी शेजारी काय चालू झालं, वेल्डिंग, लिफ्ट, पंप, तेही लिहा. वेळेचा असाच एक आकडा पाठ करून ठेवा: ४९.७ दिवस. आर्डुइनोचा मिलिसेकंदांचा काउंटर तेवढ्यात भरून शून्यावर येतो. दीड महिन्याने डबा अडकतो अशी तक्रार आली की आधी तिकडे बघा.

सल्ला देणाऱ्याला ‘का?’ जरूर विचारा, नम्रपणे. ज्याला कारण माहीत आहे तो सांगतो. ज्याला नाही तो चिडतो, आणि तीही माहितीच आहे. एका वेळी एकच बदल करा. ‘वॉचडॉग लाव, रिसेट होऊन जाईल’ हा सल्ला कारण सापडण्याआधी घेऊ नका. वॉचडॉग, म्हणजे प्रोग्रॅम अडकला की चिप रिसेट करणारा टायमर, हवाच, पण दुखणं झाकायला नव्हे.

आणि मोजून तपासता येणारा सल्ला आधी घ्या. एका फौंड्रीत पाच टेंपरेचर ट्रान्समीटर आरएस-४८५ च्या (दोन वायरींवरून डेटा नेणाऱ्या पद्धतीच्या) एकाच केबलवर होते, निम्मे उत्तरच देत नव्हते. कुणीतरी सांगितलेलं, “प्रत्येक डब्यात १२० ओहमचा रेझिस्टर चालू ठेव, सिग्नल चांगला येतो.” १२० ओहम फक्त केबलच्या दोन टोकांना हवेत. सगळी वीज बंद करून मीटर ए आणि बी मध्ये लावला. दोन टोकांचे १२० म्हणजे ६० च्या आसपास दिसायला हवं, दिसले २४. १२० भागिले पाच. प्रत्येक डब्यातली ती छोटी पांढरी डिप स्विच वर ढकललेली होती. मधल्या तीन खाली केल्या आणि पाचही बोलायला लागले. स्क्रू ड्रायव्हर आणि दहा मिनिटं.

सहावी पायरी: माणसं कुठे भेटतात आणि त्यांच्याकडे कसं जायचं

फर्मवेअर, म्हणजे चिपमधला प्रोग्रॅम, लिहिणाऱ्यांपुरतंच राहू नका. कोल्हापुरात पॅनल बांधणारे, मोटर रिवाइंडिंगवाले, फौंड्रीतले मेंटेनन्सचे फिटर यांच्याकडे जे आहे ते कुठल्याही डेटाशीटमध्ये नाही. काँटॅक्टरच्या कॉइलवर आरसी स्नबर (रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) लावला की शेजारचा कंट्रोलर रिसेट व्हायचा थांबतो, हे मला दहावी शिकलेल्या एका मामांनी सांगितलं. मी तोवर कोडमध्ये डिबाउन्स (स्विचची थरथर थांबेपर्यंतचा वेळ) वाढवत बसलो होतो. वायरला थिंबल न लावता टर्मिनलमध्ये कोंबली की ते अजून ओरडतात, आणि बरोबर ओरडतात. कॉलेजच्या लॅबमधले असिस्टंटही विसरू नका. कुठला डीएसओ खरं बोलतो ते त्यांनाच माहीत असतं.

जाताना वेळ विचारून जा. ब्रेकडाउन चालू असताना नको, महिनाअखेरीला डिस्पॅच असताना नको. सोबत चालू लॅपटॉप, त्यात कोड कंपाइल होतोय याची खात्री, प्रोग्रॅमर, त्याची केबल, मीटर आणि कागदावरचं सर्किट. ‘कोड घरच्या कॉम्प्युटरवर आहे’ हे वाक्य ऐकलं की आम्ही दुसरा चहा सांगतो आणि क्रिकेटवर बोलतो.

कंपनीत नोकरीला असाल तर कंपनीचं ड्रॉइंग किंवा कोड बाहेर दाखवू नका. दुसऱ्या पायरीतला पंधरा ओळींचा प्रोग्रॅम इथे पुन्हा कामाला येतो: दुखणं दिसतं, गुपित दिसत नाही.

आणि एक गोष्ट, इथे मी दादा म्हणून नाही, दरडावून सांगतोय. २३० किंवा ४१५ व्होल्ट असलेला डबा एकट्याने उघडायचा नाही आणि फोनवर विचारत विचारत तर अजिबात नाही. टेबलावरच्या डीएसओची ग्राउंड क्लिप आतून अर्थिंगला जोडलेली असते; ती मेनच्या फेजला लावलीत की सरळ शॉर्ट. स्वस्त एलईडी ड्रायव्हर आणि काही वीजमीटरच्या बोर्डांत ट्रान्सफॉर्मरच नसतो, तिथलं ‘ग्राउंड’ म्हणजे जिवंत लाइन असू शकते; लॅपटॉपची यूएसबी त्याला लावलीत तर लॅपटॉप जाईल, आणि त्या वेळी हात कुठे होता यावर पुढचं ठरेल. वीज बंद केल्यावरही मोठे कपॅसिटर भरलेले राहतात. थांबा, मीटरने मोजा, मग हात घाला. आपल्या पावसाळ्यात पॅनलच्या आत दव धरतो, तेव्हा ‘उन्हाळ्यात असंच केलं होतं’ हे कारण चालत नाही.

सातवी पायरी: परत येऊन सांगा

सुटलं की नाही ते सांगा, आणि कशाने सुटलं तेही. “झालं सर, थँक्स” यातून कुणालाच काही मिळत नाही. “क्रिस्टल बदलला, ९६०० ला नीट चालतंय, १२ मेगाहर्ट्झवर ४८०० पण चाललं” यातून पुढच्या दहा जणांची रात्र वाचते. माझा सल्ला चुकला असेल तर तेही सांगा. काउंटरच्या पोराने सांगितलं नसतं तर मी अजून सगळ्यांना प्रॉक्सिमिटी सेन्सर घट्ट करायला लावला असता. सहा महिन्यांत तुम्हालाही कुणीतरी विचारेल. तेव्हा माहीत नसेल तर तसं म्हणा आणि काय मोजायचं तेवढं सांगा.

पैशाचंही बोलून ठेवतो, कारण त्यावरून मैत्र्या बिघडलेल्या पाहिल्यात. शिकणाऱ्याच्या अडचणीचे पैसे कुणी घेत नाही. पण तुम्ही डबा विकताय, गिऱ्हाइकाकडून अॅडव्हान्स घेतलाय, आणि दुसऱ्याचा अख्खा रविवार त्यात गेला, तर ते काम झालं. आधीच विचारा, “याचे किती द्यायचे?” बहुतेक वेळा उत्तर येईल, “राहू दे रे.” एखाद्या वेळी आकडा येईल, तो घासाघीस न करता द्या. रविवारच्या चहाचं आमच्याकडे ठरलेलं आहे: ज्याचा डबा टेबलावर, त्याने बिल द्यायचं. मिसळ मागवली तर प्रत्येकाने आपापली, कारण मोबाइल स्टार्टरवाल्या पोराने पहिल्याच रविवारी सहा जणांचं बिल भरलं आणि त्याच्याकडे बसच्या तिकिटाला पैसे उरले नव्हते.